आमच्या सोसायटीचा लवचिकपणा

आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर दर मे महिन्यात आजारी पडतो. आधी दोन-चार दिवस कण्हतो, मग एक दणका देतो आणि केबिन रोडच्या मागच्या आमच्या सगळ्या इमारती अंधारात बसतात. याबद्दल फारशी तक्रार कोणी करत नाही. भाईंदरला फ्लॅट घेताना माणूस दोन गोष्टी गृहीत धरूनच सही करतो: पाणी वेळेवर येणार नाही आणि वीज वेळेवर जाईल.

पण गेल्या मे महिन्यात तुळसाबाईंना खुर्चीत बसवून सहाव्या मजल्यावरून खाली आणावं लागलं. तुळसाबाई म्हणजे आमच्या पंचशीलाताईंच्या सासूबाई, परभणीकडच्या. फुप्फुसं थकलेली, त्यामुळे दिवसातला बराच वेळ नाकाला ऑक्सिजनचं यंत्र, आणि यंत्र विजेवर चालतं. वीज आली नाही, जोडीचा छोटा सिलिंडर संपत आला, तेव्हा आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जिन्यानं उतरवून दवाखान्यात पोचवलं. खुर्चीचा मागचा डावा पाय माझ्याकडे होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर माझी चप्पल जरा सटकली, एवढंच झालं. पण बऱ्या होऊन घरी आल्यावर तुळसाबाईंनी भेटेल त्याला सांगितलं, "त्या शेक्रेटरीनं मला फेकायलाच काढलं होतं."

सेक्रेटरी मी. दशरथ पेडणेकर. एका माणसानं चार जणांच्या कामातला एक पाय धरावा आणि बदनामी मात्र पूर्ण खुर्चीची त्याच्या वाट्याला यावी, याला सार्वजनिक जीवन म्हणतात.

त्यामुळे यंदा वीज कंपनीचा अमोल नावाचा तरुण इंजिनिअर सोसायटीच्या ऑफिसात येऊन म्हणाला, "सर, आपल्याला नेटवर्क लवचिक करायचंय," तेव्हा मी त्याला हाकलला नाही. चष्मा काढून पुसला. एखादी गोष्ट कळली नाही की मी चष्मा पुसतो. या सवयीनं नोकरीत मला फार हात दिला आहे.

अमोल म्हणाला, "बघा सर, पूर्वी सोपं होतं. लोकांनी जास्त वीज मागितली की जास्त कोळसा जाळायचा. आता दुपारी सोलरची वीज एवढी येते की घ्यायला माणूस नसतो. आणि संध्याकाळी सूर्य घरी जातो, नेमकी तेव्हाच माणसं घरी येतात. एसी लावतात, लिफ्ट पळवतात, गाड्या चार्जिंगला टाकतात. पुढे सोलर किती येणार, वारा किती मिळणार, गाड्या किती होणार, कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. मग नुसत्या जाड केबली टाकत बसायचं का? त्यापेक्षा वापरच थोडा मागेपुढे सरकवता आला तर?"

"म्हणजे आम्ही सरकायचं," मी म्हणालो.

"तुमचा लोड सरकेल, सर. तुम्ही आहात तिथेच."

योजना अशी होती की आमच्या मीटर रूममध्ये कंपनी एक राखाडी डबा बसवणार. गरज पडेल तेव्हा त्या डब्यातून पाण्याचा पंप, दोनातली एक लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पार्किंगमधलं गाड्यांचं चार्जिंग कंपनी परस्पर मागेपुढे करणार. म्हणजे सगळा सोसायटीच्या कॉमन मीटरवरचा कारभार. बदल्यात बिलात थोडी सवलत. "प्रयोग आहे सर," अमोल म्हणाला. "पहिली तुमचीच सोसायटी आठवली. इतका सुशिक्षित सेक्रेटरी कुठे मिळतो?"

शेवटचं वाक्य तो गल्लीतल्या प्रत्येक सोसायटीत बोलून आला होता हे मला फार उशिरा कळलं.

सर्वसाधारण सभेत मी हे सगळं समजावून सांगितलं. लवचिक या शब्दावरच पहिली घटका गेली. तुळसाबाई यंत्रासकट लिफ्टनं खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाकायचंच असलं तर मला इचारू नका. माझे गुडघे वाकत न्हाईत." तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी सोलरची वीज पातळ असते का, मिक्सरला चालते का, असं विचारलं. खरा विरोध आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या चंदनभाईंकडून. केबिन रोडवर त्यांचं कटलरीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक बघून बांगडीचा साइज सांगणारा माणूस योजना बघून तिच्यातली खोट सांगणारच.

"पेडणेकरसाहेब," ते उभे राहून म्हणाले, "स्विच जिसके हाथ में, बिल्डिंग उसके हाथ में. आज पंप लिया, कल मेरा फ्रिज लेगा. फ्रिज में मेरा श्रीखंड रहता है."

"चंदनभाई, फ्रीजला कोणी हात लावत नाहीये."

"अभी नहीं लगा रहा," चंदनभाई म्हणाले आणि बसले.

शेवटी पंचशीलाताई उठल्या. त्या बँकेत आहेत आणि बँकेतला माणूस शांतपणे बोलला की लोकांना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. "मला एवढंच कळतं," त्या म्हणाल्या, "की मे महिना येतोय. ट्रान्सफॉर्मरवरचा भार थोडा जरी कमी होणार असेल तर डबा बसू द्या. परत आईंना खुर्चीतून न्यायची माझी तयारी नाही." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

ठराव पास झाला आणि डबा बसला.

पहिल्याच दिवशी डब्यानं पंप दुपारी चालवला, कारण दुपारी वीज भरपूर. कल्पना उत्तम. पण आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं संध्याकाळी, ते खालच्या टाकीत साठतं आणि सकाळपर्यंत पंपानं वर चढून संपूनही जातं. दुपारी खालच्या टाकीत पाल पोहेल एवढंही पाणी नसतं. पंप रिकाम्या टाकीतून हवा ओढत राहिला. जळका वास आला तेव्हा वॉचमन बबननं धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि शिवाय पंपावर बादलीभर पाणी ओतलं. हे करू नये असं नंतर सगळ्यांनी त्याला सांगितलं, पण वास आला तेव्हा त्यातलं कोणी खाली नव्हतं.

अमोलला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे सर. संध्याकाळचं पाणी रात्रभर खाली ठेवायचं आणि दुपारी वर चढवायचं." त्यानं तसं सेटिंग केलं. परिणाम असा की दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या टाकीत पाणी नाही. दाराची बेल वाजली. दारात चंदनभाई उभे होते. कमरेला पंचा, तोंडात ब्रश, ओठांवर फेस. त्यांना खूप काही बोलायचं होतं, पण फेसामुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता ब्रश माझ्या छातीवर रोखला. माझ्याही कानात साबण सुकत होता.

पंपाची वेळ बदलायला मी पुन्हा अमोलला गाठलं. तेव्हा कळलं की सेटिंग एकदाच त्याच्या हातात असतं. त्यानंतर ते 'वेळापत्रक विभागा'कडे जातं. वेळापत्रक विभागाला फोन नाही. हेल्पलाइनला लावला तर बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आपके एरिया में बिजली चालू है."

"बिजली चालू है, पानी बंद है," मी म्हणालो.

"सर, पानी के लिए नगरपालिका में कॉल कीजिए."

महापालिकेनं सांगितलं की पाणी त्यांनी दिलंय, ते वर चढवणं त्यांचं काम नाही, आणि हे अगदी खरं होतं. या प्रकरणात सगळेच खरं बोलत होते आणि मी दोन बादल्या घेऊन तळमजल्याच्या नळावर उभा होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "जरा सरका, लवचिक काका." तेव्हापासून ते नाव चिकटलं. शेवटी अमोलनं स्वतः जाऊन त्या विभागातल्या कोणाला तरी पकडलं आणि पंप दोनदा चालायला लागला, थोडा पहाटे, थोडा दुपारी. तोवर आठवडा गेला होता.

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मी विचार केला, पंप आणि एका लिफ्टनं ट्रान्सफॉर्मरला काय फरक पडणार? खरा भार घराघरातल्या एसींचा, इस्त्रीचा, गिझरचा. योजनेत घरं नव्हती, पण ट्रान्सफॉर्मरला योजना थोडीच माहीत होती? मी सोसायटीच्या ग्रुपवर विनंती टाकली: संध्याकाळी शक्यतो इस्त्री, वॉशिंग मशीन, ओव्हन टाळावा, ही कामं दुपारी करावीत. लगेच बावीस जणांनी अंगठा दाखवला. अंगठा दाखवणं आणि ऐकणं यांचा आमच्या ग्रुपवर काही संबंध नाही.

आदर्श घरापासून सुरू करावा म्हणून मी सुचेताला, म्हणजे माझ्या बायकोला, संध्याकाळची इस्त्री बंद करायला सांगितलं. ती शिक्षिका आहे, दुपारी शाळेत असते.

"मग इस्त्री कधी करायची?" तिनं विचारलं.

"दुपारी, जेव्हा सूर्याची वीज भरपूर—"

"दुपारी घरी सूर्य एकटाच असतो," सुचेता म्हणाली. "त्यालाच सांगा."

मी चार दिवस बिनइस्त्रीचे शर्ट घालून ऑफिसला गेलो. पाचव्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी त्यांना राष्ट्रीय वीजपुरवठ्याची अनिश्चितता समजावून सांगितली. त्यांनी मला दोन दिवस सुटी घ्यायला सुचवलं.

मे उजाडला. ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागला. आणि एके दिवशी अमोलचा फोन आला. "सर, उद्या परीक्षा आहे. उद्या संध्याकाळी सहा ते नऊ पूर्ण भागात लोड चढणार असं भाकीत आहे. आम्ही डब्यातून कॉमन लोड खाली आणू. तुम्ही आणखी काही करू शकत असाल तर बघा. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं मला काही खरं वाटत नाही."

मी लगेच कमिटी बोलावली. लोकांना एसी बंद करा म्हणून भागत नाही, हे मला इस्त्रीनं शिकवलं होतं. माणूस घरात असेल तर एसी लागणारच. मग माणसालाच घरातून बाहेर काढलं तर? इमारतीच्या मागच्या बाजूला आमचं बऱ्यापैकी कंपाउंड आहे, खाडीवरून तिकडे वारा येतो. सगळ्यांनी तीन तास तिथे बसायचं, घरातलं सगळं बंद करून.

"बैठ के करेंगे क्या?" चंदनभाईंनी विचारलं.

"काहीतरी खायला ठेवू," पंचशीलाताई म्हणाल्या.

चंदनभाईंचा चेहरा पालटला. "खाने का है? तो पहले बोलना था. भेल मेरे पे छोड़ दो. हाउजी भी कर सकते हैं." आणि ज्या माणसानं महिनाभर डब्याला शिव्या दिल्या त्यानं दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून प्रत्येक मजल्यावर फिरून लोकांना खाली हाकललं. "एसी बंद किया? पंखा भी बंद. नीचे भेल है."

तुळसाबाईंना पंचशीलाताई वरच ठेवणार होत्या. त्या ऐकेनात. "समदी बिल्डिंग खाली भेळ खायलीय आन् मी वर भिताडाकडं बघू?" मग चालू असलेल्या लिफ्टनं त्यांना आणि यंत्राला खाली आणलं, वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून यंत्र जोडलं. त्यांनी बसल्याबसल्या पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला आणि तीन बायकांना मेंढीकोटला बसवलं.

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. सात वाजून गेले, अंधार पडला आणि पूर्ण इमारतीत एक दिवा नव्हता. जिन्यातले दिवे बंद, खिडक्या काळ्या. कंपाउंडमध्ये केबिनवरचा एक बल्ब आणि भेळ. अमोलचा मेसेज आला: "सर, ट्रान्सफॉर्मर शांत आहे. कमाल." मी तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी 'लवचिक काकांचा' असं ओरडलं आणि बाकीचे 'विजय असो' म्हणाले. मी हात जोडले.

तेवढ्यात बल्ब गेला. तुळसाबाईंचं यंत्र एक लांब शिट्टी वाजवून बंद पडलं.

पहिल्यांदा मला वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला. पण शेजारच्या इमारतीत झगझगाट होता. मी धावत पुढच्या बाजूला गेलो. गेटजवळच्या विजेच्या पेटीपाशी कंपनीचे दोन लाइनमन टॉर्च लावून उभे होते. आमच्या इमारतीचे फ्यूज त्यांच्या हातात होते.

"अहो, हे काय केलंत?"

त्यातला वयस्क लाइनमन म्हणाला, "पूर्ण इमारत अंधारात, अशी तक्रार आलीय. फॉल्ट बघतोय."

"फॉल्ट नाही! आम्ही मुद्दाम बंद केलंय!"

त्यानं माझ्याकडे, मग अंधाऱ्या इमारतीकडे पाहिलं. "मुद्दाम?"

मी त्याला नेटवर्कची लवचिकता सांगायला लागलो. त्यानं हात वर केला. "साहेब, लावतो. पण तक्रार फॉल्टची आहे. ती बंद झाल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, असा सेफ्टीचा नियम आहे. मागे एकाला झटका बसलाय. आणि तक्रार बंद करायला जिनं केली तिचा ओटीपी लागतो."

तक्रार केली होती समोरच्या इमारतीतल्या ममताबेननी. दुसऱ्या मजल्यावर राहतात, एकट्या. पुढच्या बाजूनं त्यांना आमची काळी इमारत दिसली, मागच्या बाजूची भेळ दिसली नाही. म्हातारी बाई यंत्रावर असते हे त्यांना माहीत होतं, म्हणून बिचारीनं माणुसकीनं फोन केला.

मी त्यांच्या बाल्कनीखाली उभा राहून ओरडलो, "ममताबेन! आपके फोन पे ओटीपी आया है, वो बताइए!"

ममताबेन बाल्कनीत आल्या. एक हात कमरेवर, एका हातात फोन. "ओटीपी? नहीं बताऊंगी."

"बहनजी, बिजली के लिए चाहिए!"

"सब ऐसा ही बोलते हैं. कभी बिजली, कभी पार्सल. रिंगटोन में भी बोलता है, किसी को मत बताना."

गेटपाशी गर्दी जमली. मागे कंपाउंडमध्ये तुळसाबाई यंत्राशिवाय बसल्या होत्या. डॉक्टरांनी थोडा वेळ चालेल म्हणून सांगितलं होतं, पण थोडा म्हणजे किती हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा छोटा सिलिंडर सहाव्या मजल्यावर आणि आता एकही लिफ्ट चालू नव्हती. मी जिन्याकडे वळणार तोच चंदनभाईंनी मला बाजूला केलं. "तुम ओटीपी देखो. मैं लाता हूँ." आणि शंभर किलोच्या आसपासचा हा माणूस मोबाइलचा टॉर्च दातात धरून जिना चढायला लागला.

पंचशीलाताई धावत आल्या. "ममताबेन, मी सांगते, द्या ओटीपी. मला ओळखता ना? बँकेतली."

ममताबेन वाकून बघू लागल्या. "मॅडम, आप? आप ही ने तो बोला था मेरे को. खाता खोला तब. बोला था, बैंक वाला भी पूछे, मैं भी पूछूँ, तो भी मत देना."

 ग्राहकाला एखादी गोष्ट इतकी नीट समजलेली पंचशीलाताईंनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"मग आता काय करायचं?" त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बँकेतला राहिला नव्हता. "दशरथजी, आईंचे ओठ निळे पडायला लागतात थोड्या वेळानं. मला माहितीये."

 चष्मा पुसायलाही माझा हात उठेना. मी वर बघून एवढंच म्हणालो, "ममताबेन, नका देऊ ओटीपी. कोणालाच देऊ नका. तुम्ही स्वतः खाली या. लाइनमनच्या मोबाइलमध्ये तुमच्या हातानं घाला. आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहतो. ऑक्सिजनवाली माँजी नीचे बैठी है, मशीन बंद है."

 मग ममताबेन दिसेनाशा झाल्या. गाऊनवर ओढणी टाकून त्या धावत खाली आल्या. लाइनमननं त्यांच्यापुढे मोबाइल धरला. आम्ही खरंच पाठ फिरवली. गेटपाशी पन्नासेक माणसं इमारतीकडे तोंड करून गुपचूप उभी होती. रस्त्यानं जाणारा एक रिक्षावाला रिक्षा थांबवून, कोण गेलं, असं विचारत होता. ममताबेननी एक हात आडोशाला धरून आकडे दाबले. लाइनमन म्हणाला, "झालं." फ्यूज बसले. मागून यंत्राची घरघर ऐकू आली.

मी कंपाउंडमध्ये पोचलो तेव्हा तुळसाबाईंनी नळी नाकाला लावली होती आणि डोळे मिटले होते. पंचशीलाताई त्यांच्या गुडघ्याशी बसून हात चोळत होत्या. थोड्या वेळानं तुळसाबाईंनी डोळे उघडले. "रडायलीस कशाला? आधी हाय का जिवंत ते बघ, मंग रड."

याच वेळी चंदनभाई सिलिंडर खांद्यावर घेऊन उतरले. खरं तर दुसऱ्यांदा उतरले. पहिल्या खेपेला सिलिंडर आणला होता, पण त्याचा पाना वर राहिला होता आणि अर्ध्या जिन्यातून ते सिलिंडरसकट परत वर गेले होते. घामानं निथळत होते. वीज आलेली पाहून त्यांचा चेहरा पडला.

"आ गई? मैं दो बार चढ़ा!" ते म्हणाले. "अभी ये लगाओ. मैं लाया है तो लगाना पड़ेगा."

तुळसाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पंचशीलाताईंना म्हणाल्या, "लाव गं. येवढं वझं आणलंय लेकरानं." आणि यंत्र चालू असताना त्यांनी दोन मिनिटं चंदनभाईंच्या सिलिंडरमधला श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मी अमोलकडून शाबासकीची वाट बघत होतो. तो फोनवर अडखळत बोलला. "सर, कालचं तुमचं धरता येत नाहीये. त्या वेळात तुमच्याकडे सप्लाय नव्हता अशी नोंद आहे. सप्लाय नसला की वापर शून्यच असतो. त्याला बचत म्हणता येत नाही."

"पण त्याआधी? घराघरातले एसी बंद होते!"

"घरं योजनेत नाहीत, सर. आम्ही फक्त कॉमन मीटर बघतो."

 पुढच्या परीक्षेत दाखवू, असं मी ठरवलं. पण त्याची गरज पडली नाही, कारण त्याच संध्याकाळी कोणी न सांगता लोक खाली आले. तुळसाबाईंचा डाव अर्धा राहिला होता. चंदनभाईंना दोनदा जिना चढल्याची हकिगत पूर्ण सांगायची होती. ममताबेन समोरून ढोकळा घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पत्ते दिसत नाहीत म्हणून हॅलोजन लावला. मग दोन मोठे पंखे आले. मग हाउजीसाठी माइक. मग भजीसाठी इंडक्शन. हे सगळं केबिनच्या वायरवर, म्हणजे कॉमन मीटरवर. वर घरं मात्र रोज तीन-तीन तास काळी. आणि ट्रान्सफॉर्मर पूर्ण मे महिना कण्हला, पण बसला नाही.

जूनच्या सुरुवातीला अमोल स्वतः आला. खुर्चीत बसून मान खाली घालून म्हणाला, "सर, तुम्हाला योजनेतून काढलंय. संध्याकाळी सगळ्यांचा कॉमन लोड कमी झाला, तुमचा एकट्याचा वाढलाय. जवळपास दुप्पट."

"आणि ट्रान्सफॉर्मर?"

"तो उत्तम आहे," अमोल म्हणाला. "या वर्षी तुमच्याच गल्लीतला बसला नाही. वर कोणाला कळत नाहीये का ते. मी सांगायचा प्रयत्न केला, पण ती माहिती आमच्या विभागाची नाही." त्यानं माणसं लावून डबा काढून नेला. जाताना म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका." वाईट त्यालाच जास्त वाटलं होतं.

संध्याकाळी मी कंपाउंडमध्ये गेलो. सगळे जमले होते. मी हॅलोजनसमोर उभा राहून घसा खाकरला आणि माझ्या सार्वजनिक जीवनातलं सगळ्यात अपमानकारक निवेदन केलं. "मंडळी, आपली सोसायटी लवचिक नसल्याचं कंपनीनं ठरवलंय. आपल्याला योजनेतून काढलंय. तेव्हा आजपासून कोणावर काही बंधन नाही. ज्याला वर जाऊन एसी लावायचा असेल त्यानं खुशाल लावावा."

कोणी उठलं नाही. सुचेता भजी तळत होती, तिनं वर बघितलं आणि पुन्हा कढईकडे वळली. पंचशीलाताई हातातली पत्त्यांची पानं लावत होत्या.

"अभी?" चंदनभाई हातातल्या पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "अभी कैसे जाएगा? अभी तो खेल जमा है."

"शेक्रेटरी," तुळसाबाई म्हणाल्या, "उजेड अडवून उभा ऱ्हायलास. पानं दिसंनात. खाली बस."

ममताबेननी सरकून जागा केली आणि नव्या डावाचे पत्ते वाटले. मी बसलो. हुकूम चौकटचा होता आणि माझ्या हातात चौकटचं एकही पान नव्हतं.